जुन्या बाजारात मिळालेले पदक : साठाव्या ऑस्ट्रेलियन पलटणीतील शिपायाविषयी माहिती हवी आहे

पिंपळपान (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

गेल्या महिन्यात एका बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, जमिनीवर पोते पसरून मांडलेल्या गंजक्या कुलपांच्या आणि बंद पडलेल्या मनगटी घड्याळांच्या ढिगात, मला चांदीचे एक पदक मिळाले. आकाराने ते जुन्या रुपयापेक्षा थोडे मोठे आहे. एका बाजूस राजे पंचम जॉर्ज यांचा मुखवटा आहे आणि दुसऱ्या बाजूस घोड्यावर स्वार झालेला एक विवस्त्र पुरुष, घोड्याच्या पायाखाली एक ढाल व कवटी आणि १९१४ व १९१८ ही वर्षे आहेत. फीत नाही. विक्रेता त्यास ‘राजा छाप मोठे नाणे’ म्हणत होता आणि मीही घासाघीस करून ते नाणे म्हणूनच घेतले.

घरी आल्यावर भिंगाखाली पाहिले तेव्हा कडेवर ठसे उमटवून काढलेली बारीक इंग्रजी अक्षरे दिसली. प्रथम चार आकडी क्रमांक, मग ‘पीटीई’ (प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई), मग एक आडनाव, नंतर ‘६० बीएन’ (साठावी बटालियन, म्हणजे पलटण) आणि शेवटी ‘ए. आय. एफ.’. शेवटच्या तीन अक्षरांचा अर्थ मी बराच वेळ ‘ऑल इंडिया’ असा काहीतरी लावत बसलो होतो. भाच्याने सांगितले की ती ऑस्ट्रेलियन इम्पीरियल फोर्सची आद्याक्षरे आहेत. शिपायाचे नाव व क्रमांक येथे मुद्दाम देत नाही, कारण त्याचे नातलग कोठे तरी असतील आणि त्यांना विचारल्याशिवाय त्याचे नाव सार्वजनिक करणे मला बरे वाटत नाही.

मी निवृत्त शिक्षक आहे. मराठी शिकवीत असे. युद्धाविषयीचे माझे वाचन पानिपतापाशी सुरू होऊन बहुतेक तेथेच संपते. तेव्हा सेनापतींची आणि तहांची माहिती मला नको आहे, ती कोठेही मिळेल. हा साधा शिपाई सैन्यात कसा आला असेल, काय खात असेल, दिवस कसा काढत असेल आणि लढाई संपल्यावर त्याचे काय झाले असेल, हे मला समजून घ्यायचे आहे. आणि हे पदक पुण्यास कसे पोहोचले असावे, याविषयी कोणास काही सुचत असल्यास तेही अवश्य सांगावे.

खडकीकर

पिंपळपान, आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी लहानपणापासून खडकीच्या युद्धस्मशानभूमीच्या जवळ राहतो आणि तेथील शिळांवरची नावे वाचत वाचतच या विषयाकडे वळलो.

पहिली गोष्ट ही की आपला शिपाई आपणहून सैन्यात आला होता. ऑगस्ट १९१४ मध्ये हे सैन्य नव्याने उभारले गेले, कारण ऑस्ट्रेलियाच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे नागरिकांच्या सक्तीच्या सैन्यास देशाबाहेर पाठवता येत नव्हते. पुढे मनुष्यबळ कमी पडू लागले तेव्हा सरकारने सक्तीच्या भरतीसाठी ऑक्टोबर १९१६ आणि डिसेंबर १९१७ असा दोनदा जनतेचा कौल घेतला आणि दोन्ही वेळा जनतेने नकार दिला. पन्नास लाखांहून कमी लोकसंख्येच्या त्या देशातून चार लाखांहून अधिक पुरुष भरती झाले, सुमारे ३ लाख ३० हजार परदेशी गेले आणि सुमारे ६० हजार परत आले नाहीत. हे सर्व रानावनातले घोडेस्वार गडी होते अशी एक गोड समजूत तिकडे रूढ आहे. प्रत्यक्षात मजूर, कारकून, दुकानातले नोकर, खाणकामगार असे सर्व प्रकारचे लोक त्यांत होते आणि जवळजवळ पाचवा हिस्सा तर ब्रिटनमध्येच जन्मलेला होता.

भरतीच्या अटी युद्धाची भूक वाढत गेली तशा सैल होत गेल्या. आरंभी पाच फूट सहा इंच उंची लागे; १९१५ च्या मध्यास ती पाच फूट दोन इंचांवर आली आणि वयाची मर्यादा पंचेचाळिसापर्यंत वाढली. एकवीस वर्षांखालील मुलास आईवडिलांची लेखी संमती लागत असे, आणि ती मिळत नाही म्हणून वय वाढवून सांगणारेही पुष्कळ होते. मूळ रहिवासी समाजातील पुरुषांस कायदा दूर ठेवीत होता, तरी हजाराच्या आसपास लोक त्यातूनही वाट काढून गेले.

पगाराची गोष्ट आपणांस विशेष वाटेल. साध्या ऑस्ट्रेलियन शिपायास दिवसाला सहा शिलिंग मिळत, त्यांतील एक शिलिंग सेवा संपेपर्यंत राखून ठेवला जाई. ब्रिटिश शिपायास आरंभी दिवसाला एकच शिलिंग मिळे, आणि आपल्याकडच्या शिपायाचा महिन्याचा पगार अकरा रुपये होता. तेव्हा रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स होता. त्या हिशेबाने आपल्या शिपायाची महिन्याची कमाई ऑस्ट्रेलियन शिपाई अडीच दिवसांत मिळवीत असे. ‘सहा शिलिंगवाले प्रवासी’ अशी त्यांची चेष्टा होई ती उगाच नव्हे.

मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोज छावणीत कवायत, मग सहा ते आठ आठवड्यांचा बोटीचा प्रवास, मग इजिप्तमध्ये वाळूत पुन्हा कवायत, असा त्याचा मार्ग असावा. तेथून तो २५ एप्रिल १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर लढाईसाठी उतरला असेल. त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर आपल्या हिंदुस्थानी सैन्यातली २६ वी जेकब्स माउंटन बॅटरी तोफा आणि खेचरे घेऊन उतरली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पुण्याविषयी म्हणाल तर त्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातील पाचशेहून अधिक परिचारिका हिंदुस्थानात काम करीत होत्या आणि त्यांतील काही पुण्याच्या युद्धरुग्णालयात होत्या. एखाद्या परिचारिकेने आपल्या रुग्णाची वा भावाची आठवण म्हणून पदक जवळ ठेवले असेल काय?

नाणेघाट

खडकीकरांचा उत्तरार्ध मला मान्य नाही. परिचारिका पुण्यात होत्या हे खरे, पण ही पदके युद्धानंतर बऱ्याच काळाने वाटली गेली. तोवर त्या घरी परतल्या होत्या.

गॅलिपोलीचा तर्कही चुकला आहे. साठावी पलटण गॅलिपोलीच्या वेळी अस्तित्वातच नव्हती. ती फेब्रुवारी १९१६ मध्ये इजिप्तमध्ये उभी राहिली. गॅलिपोलीहून परतलेल्या आठव्या पलटणीचे दोन भाग केले, एक भाग आठवीतच ठेवला, दुसऱ्यास साठावी म्हटले आणि दोन्हीकडच्या रिकाम्या जागा व्हिक्टोरिया राज्यातून आलेल्या नव्या भरतीने भरल्या. म्हणजे आपला शिपाई जुन्यांपैकी असेल तर गॅलिपोली पाहिलेला, नव्यांपैकी असेल तर नाही. पदकावरून एवढेच निश्चित सांगता येते की तो साठाव्या पलटणीच्या पटावर होता.

आता पदकाविषयी, कारण माझा तोच उद्योग आहे. आपण वर्णन केले आहे ते ब्रिटिश वॉर मेडल, व्यास ३६ मिलिमीटर, शुद्ध चांदीच्या जवळपासचे. मूळ फीत मध्ये नारिंगी-पिवळी आणि कडांना पांढरी, काळी, निळी असते. अक्षरे ठशाने आत दबलेली असतील तर पदक खरे असण्याचा संभव मोठा आहे. बाजारात ओतीव नकलाही असतात आणि त्यांची अक्षरे साच्यातून आल्यामुळे बोथट व फुगीर दिसतात. प्रत्यक्ष रणभूमीवर गेलेल्या शिपायास हे पदक एकटे मिळत नसे. त्याबरोबर व्हिक्टरी मेडल मिळे. ते काशाचे असते, त्यावर पंख पसरलेली स्त्री असते आणि त्याची फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची असते. १९१५ च्या अखेरीपूर्वी रणभूमीवर गेलेल्यास तिसरे पदक म्हणजे तारा मिळे. चांदीचे असल्यामुळे हेच एक पदक वाईट दिवसांत सराफाकडे गेले. जगभर ही जोडपी अशीच फुटली.

ते पुण्यास कसे आले याचा तर्क करण्यात अर्थ नाही. काही ऑस्ट्रेलियन शिपायांना १९१७-१८ मध्ये हिंदुस्थानी सैन्यात अधिकारी म्हणून नेमणुका मिळाल्या होत्या. ऑस्ट्रेलियातून आपल्या लष्करासाठी ‘वेलर’ घोडे येत आणि त्यांच्याबरोबर माणसेही येत. आणि एखाद्या संग्राहकाने मुंबईत मोडीतून आणले असेल हेही तितकेच शक्य आहे.

साठाव्या पलटणीविषयी मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि ती म्हणजे १९ जुलै १९१६ ची संध्याकाळ. ही पलटण पाचव्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनच्या पंधराव्या ब्रिगेडमध्ये होती आणि जूनच्या अखेरीस मार्सेल्सला उतरून आगगाडीने उत्तर फ्रान्समध्ये आली होती. तो भाग शांत समजला जाई. नव्या पलटणींना खंदकांची ओळख करून देण्यासाठी तेथेच ठेवीत. पण सोम नदीकाठी मोठी लढाई जुंपली होती आणि जर्मनांनी आपले राखीव सैन्य तिकडे हलवू नये म्हणून फ्रॉमेल गावापाशी एक हल्ला करून दाखवावा असे वरिष्ठांनी ठरवले. सकाळी अकरा वाजल्यापासून सात तास तोफांचा भडिमार झाला. जर्मन काँक्रीटच्या आसऱ्यात बसून होते आणि तोफा थांबल्यावर त्यांनी मशीनगन बाहेर काढल्या. संध्याकाळी सहा वाजता हल्ला सुरू झाला. उत्तर फ्रान्समध्ये जुलै महिन्यात सहा वाजता लख्ख उजेड असतो.

साठाव्या पलटणीच्या वाट्याला ‘शुगरलोफ’ नावाच्या, पुढे आलेल्या जर्मन मोर्चाच्या बाजूची रुंद मोकळी जमीन आली होती. त्या मोर्चातील मशीनगनचा मारा थेट तिच्यावर येत होता. एका रात्रीत या एका पलटणीचे ७५७ लोक मारले गेले, जखमी झाले वा नाहीसे झाले. एका पलटणीत मुळात हजाराच्या आसपास माणसे असतात. संपूर्ण डिव्हिजनचे ५,५३३ लोक गेले अथवा निकामी झाले, त्यांत मृत एकोणीसशेहून अधिक होते आणि कैदी चारशेहून अधिक. जमीन एक फूटसुद्धा हाती आली नाही. ब्रिगेडचे प्रमुख हॅरल्ड एलियट यांनी हा हल्ला यशस्वी होणार नाही असे आधीच सांगून पाहिले होते. दुसऱ्या दिवशी परतणाऱ्या आपल्या माणसांना भेटताना त्यांच्या डोळ्यांतले पाणी थांबत नव्हते.

जर्मनांनी त्यांच्या बाजूस पडलेले मृतदेह फेझंट वुड नावाच्या झाडीलगत खड्ड्यांत पुरले. ते खड्डे नव्वद वर्षे कोणाच्या लक्षात नव्हते. मेलबर्नच्या लॅम्बिस एंग्लेझोस या निवृत्त शिक्षकाने नोंदी जुळवून, हवाई छायाचित्रे तपासून आणि अधिकाऱ्यांच्या मागे लागून लागून ते शोधायला लावले. २००९ मध्ये तेथून २५० देह काढले गेले आणि नातलगांचे डीएनए जुळवून त्यांतील दीडशेहून अधिक जणांना नावे परत मिळाली. आपणही निवृत्त शिक्षक आहात, म्हणून ही गोष्ट जरा लांबवली.

खडकीकर

गॅलिपोलीविषयीची दुरुस्ती मान्य. परिचारिकांचा तर्कही मागे घेतो.

खंदकातल्या दिवसाविषयी लिहायचे राहिले होते ते येथे लिहितो. शिपाई महिनोन् महिने सतत आघाडीवर राहत असे ही समजूत चुकीची आहे. पलटणी आलटून पालटून जात. काही दिवस अगदी पुढच्या खंदकात, काही दिवस आधाराच्या खंदकात, मग मागे एखाद्या गावातील गोठ्यात किंवा धान्याच्या कोठारात. पुढे असताना पहाटे आणि संध्याकाळी सर्वांनी बंदुकीस संगीन लावून उभे राहायचे, कारण हल्ला त्याच दोन वेळी येण्याची भीती असे. दिवसा झोप, आणि खरे काम रात्री. काटेरी तारा, लाकडी फळ्या, पाणी, दारूगोळा हे सर्व माणसांच्या खांद्यावरून चिखलातून पुढे न्यायचे. ‘विश्रांती’साठी मागे आलेल्या पलटणीससुद्धा हेच काम दिले जाई, त्यामुळे तो शब्द शिपाई तुच्छतेने उच्चारीत. पूर्ण सामानासह चालायचे झाल्यास अंगावर पंचवीस ते तीस किलो वजन असे. बंदूक आपल्या ओळखीची, पोलिसांकडे परवापरवापर्यंत दिसणारी थ्री नॉट थ्री.

खाणे म्हणजे डब्यातले खारवलेले गोमांस, चहात बुडवल्याशिवाय दात लागणार नाही असे बिस्किट, जॅम, आणि थंडीत घोटभर रम. हातात पैसा असल्यामुळे मागच्या गावात आले की अंडी आणि तळलेले बटाटे हे त्यांचे ठरलेले खाणे असे. उवा सर्वांच्या अंगावर होत्या. मेणबत्तीच्या ज्योतीवरून कपड्याची शिवण फिरवून त्या मारणे हा एक नित्याचा उद्योग होता. घरचे पत्र दीड-दोन महिन्यांनी येई, आणि उत्तर लिहिले तर ते आपल्याच अधिकाऱ्याने वाचून पुढे पाठवलेले असे.

ब्रिटिश शिपाई रजेवर घरी जाई. ऑस्ट्रेलियन शिपायास ती सोय नव्हती, घर दोन महिन्यांच्या अंतरावर होते. त्याची रजा लंडनमध्ये संपे. १९१४ साली भरती झालेल्यांना घरी जाण्याची मोठी रजा मिळू लागली ती १९१८ च्या शरद ऋतूत, म्हणजे युद्ध संपता संपता.

दप्तरखाना

नमस्कार. माझी सर्व नोकरी कागदांत गेली (मोडी कागदांत, पण कागद ते कागद), म्हणून मी फक्त कागदांविषयी सांगते.

पिंपळपान, आपणांस अंदाज करत बसण्याची गरज नाही. पहिल्या महायुद्धातील ऑस्ट्रेलियन शिपायांच्या पावणेचार लाखांच्या आसपास सेवा-नस्ती नॅशनल आर्काइव्ह्ज ऑफ ऑस्ट्रेलियाने पानन् पान छायाचित्रित करून संकेतस्थळावर विनामूल्य ठेवल्या आहेत. त्या संग्रहाचा क्रमांक बी २४५५ असा आहे. आडनाव आणि पदकाच्या कडेवरचा क्रमांक टाका. आडनावाशिवाय नुसता क्रमांक पुरत नाही, कारण त्या युद्धात प्रत्येक पलटण आपापले क्रमांक देत असे आणि एकच क्रमांक अनेकांना असे.

नस्ती उघडल्यावर पहिला कागद भरतीचा असेल. जन्मस्थान, वय, धंदा, उंची, छातीचे माप, डोळ्यांचा रंग, अंगावरील व्रण आणि सर्वांत जवळच्या नातलगाचा पत्ता त्यावर असतो. छायाचित्र बहुधा नसते, म्हणून हे वर्णन सावकाश वाचावे; माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यानंतर आडव्या रकान्यांचा एक कागद येईल. तोच मुख्य. कोणत्या तारखेस बोटीवर चढला, कधी पलटणीत दाखल झाला, कधी रुग्णालयात गेला, कधी परतला, सर्व त्यात संक्षेपाने लिहिलेले असते. आपणांस लढायांची नावे शोधूनही सापडणार नाहीत. त्यात रुग्णालये सापडतील. गालगुंड, फ्ल्यू, पायात सतत थंड पाणी राहिल्याने पाय सुजून सडू लागणे, खरूज, आणि कधी कधी गुप्तरोग, ज्याच्या उपचाराच्या दिवसांचा पगार कापला जाई. हे वाचून त्याच्याविषयी मत बनवू नका. विशीतली मुले होती आणि घर दोन महिन्यांच्या अंतरावर होते, हे खडकीकरांनी वर सांगितलेच आहे.

‘जी. एस. डब्ल्यू.’ असे दिसले तर त्याचा शब्दशः अर्थ बंदुकीच्या गोळीची जखम. प्रत्यक्षात तोफगोळ्याच्या तुकड्याची जखमही तशीच नोंदवीत. ‘ए. डब्ल्यू. एल.’ म्हणजे परवानगीशिवाय गैरहजर. याची शिक्षा बहुधा काही दिवसांचा पगार. रणभूमीवरून पळून जाण्यास मृत्युदंडाची शिक्षा सुनावली जाई, पण ऑस्ट्रेलियन शिपायाच्या बाबतीत ती ऑस्ट्रेलियाच्या गव्हर्नर-जनरलच्या संमतीशिवाय अमलात आणता येत नसे, आणि अशा शिक्षा झालेल्या १२१ जणांपैकी एकासही गोळी घातली गेली नाही. ब्रिटिश सैन्याने मात्र आपल्या तीनशेहून अधिक शिपायांना गोळ्या घातल्या.

त्यांची बोली समजून घेण्यास आपणां मराठी माणसांना फारसे कष्ट पडू नयेत. इंग्लंडला परत नेण्याइतकी, पण जीव जाणार नाही अशी जखम झाली की ते तिला ‘ब्लायटी’ म्हणत. हा आपल्या ‘विलायती’चाच अपभ्रंश आहे. पायाला गुंडाळायची ‘पटी’ म्हणजे पट्टी, फुकट मिळालेल्या वस्तूस ‘बक्षी’ म्हणजे बक्षीस, डोकावून पाहणे म्हणजे ‘डेको’, आणि अंगावरचा रंग खाकी. हे शब्द ब्रिटिशांच्या छावण्यांतून सर्वत्र पसरले होते.

शिपाई बेपत्ता असेल तर ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या संग्रहातील रेडक्रॉसच्या नोंदीही पाहाव्यात. माजी पंतप्रधानांची कन्या व्हेरा डीकिन हिने १९१५ मध्ये कैरोत एक कचेरी उघडली, पुढे ती लंडनला नेली, आणि रुग्णालयांत खाटेखाटेपाशी माणसे पाठवून ‘अमुक शिपायास तुम्ही शेवटचे कोठे पाहिलेत’ असे विचारून उत्तरे टिपून घेतली. अशा सुमारे ३२ हजार नस्ती आहेत. दोन साक्षीदार दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, तिसरा म्हणतो तो मेलाच नाही, आणि खाली आईचे पत्र असते. मी त्या एका बैठकीत दोन-तीनपेक्षा जास्त वाचू शकत नाही.

साताराकडचा

दप्तरखाना यांनी लिहिलेले वाचून थोडा हेवा वाटला, तो लिहून टाकतो. माझे पणजोबा ११७ व्या मराठा पलटणीत होते. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सर्व सैन्याने शरणागती पत्करली. पणजोबा कैदेतून परत आले नाहीत. त्यांची उंची, त्यांच्या डोळ्यांचा रंग, शेवटचा आजार, यांपैकी एकही गोष्ट आमच्या घरी कोणास ठाऊक नाही. शोधले नाही असे नाही. गावच्या संगमरवरी पाटीवर अमुक इतके लोक महायुद्धास गेले आणि अमुक इतके कामी आले एवढा आकडा आहे, नावे नाहीत. पंजाबातील भरतीच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात जपल्या गेल्या आणि अलीकडे त्या संगणकावर आल्या, असे वाचले होते. त्यात आमच्या बाजूचे कोणी असणार नाही हे माहीत असूनही मी आडनाव टाकून पाहिले.

विषयांतराबद्दल क्षमा असावी. पिंपळपान, नस्ती मिळाली तर येथे जरूर कळवा.

पिंपळपान

नस्ती मिळाली. दप्तरखाना यांचे आभार कसे मानावेत ते कळत नाही. चाळीसच्या आसपास पाने आहेत आणि भिंग घेऊन तीन रात्री त्यातच गेल्या.

तो फ्रॉमेलला नव्हता. १९१६ च्या आरंभी मेलबर्नमध्ये भरती झाला तेव्हा तो वीस वर्षांचा शेतमजूर होता, उंची पाच फूट पाच इंच, डोळे करडे, डाव्या हनुवटीखाली व्रण. आईची संमतीची चिठ्ठी नस्तीत आहे, आणि वडिलांच्या नावापुढे ‘मृत’ असे लिहिले आहे. इंग्लंडमध्ये सॅलिस्बरीच्या माळावर प्रशिक्षण घेऊन तो नोव्हेंबरमध्ये फ्रान्सला पोहोचला. म्हणजे नाणेघाटांनी सांगितलेल्या त्या ७५७ जणांपैकी कोणाच्या तरी जागेवर त्याला पाठवले होते. पोहोचल्यावर सहा आठवड्यांतच पायांमुळे रुग्णालयात. परत आला, मग गालगुंड. परत आला, मग चार दिवस गैरहजर आणि आठ दिवसांचा पगार कापला. लढाईचे नाव कोठेही नाही. सप्टेंबर १९१७ च्या अखेरीस डाव्या हाताला जखम होऊन तो इंग्लंडला गेला, आणि तारीख पलटणीच्या इतिहासाशी ताडून पाहिल्यावर ती बेल्जियममधील पॉलिगॉन वुडची लढाई होती हे कळले. पाच महिन्यांनी पुन्हा फ्रान्स.

साताराकडच्यांना सांगावेसे वाटते की हे सर्व वाचताना मला तुमच्या पणजोबांची आठवण होत राहिली. एका परक्या माणसाच्या हनुवटीखालचा व्रण मला ठाऊक झाला, आणि तुम्हाला काहीच मिळाले नाही.

१९१८ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापुढे एक नोंद आहे ती मला लागली नाही. ‘गॅस्ड’ असे लिहून पुढे रुग्णालयाचे नाव आहे. तेथे काय घडले होते?

नाणेघाट

ते फ्रान्समधील व्हिलर्स-ब्रेटोनो. २४ एप्रिलला जर्मनांनी ते गाव घेतले आणि त्याच रात्री ऑस्ट्रेलियाच्या तेराव्या व पंधराव्या ब्रिगेडने अंधारात दोन बाजूंनी चाल करून ते परत घेतले. उत्तरेकडून एकोणसाठावी आणि साठावी पलटण पुढे होती. उजाडले तेव्हा २५ एप्रिल होता, गॅलिपोलीचा तिसरा वाढदिवस. त्याआधीचे काही दिवस त्या परिसरावर जर्मनांनी विषारी वायूचा जबर मारा केला होता, तेव्हा आपला शिपाई त्यात सापडला असेल. गावची मोडलेली शाळा पुढे व्हिक्टोरिया राज्यातील शाळकरी मुलांनी जमवलेल्या पैशांतून बांधली गेली. ती १९२७ मध्ये उघडली आणि तिच्या अंगणात ‘ऑस्ट्रेलियाला विसरू नका’ असे इंग्रजीत आजही लिहिलेले आहे.

साठावी पलटण सप्टेंबर १९१८ मध्ये मोडण्यात आली. नवी भरती पुरेशी येत नव्हती, म्हणून उरलेल्यांना एकोणसाठाव्यात घातले.

एक सूचना. पदक चिंच, राख किंवा दंतमंजन लावून घासू नका. कडेवरची अक्षरे तेवढीच खरी किंमत आहे आणि ती झिजतात.

दप्तरखाना

शेवटची पाने पाहिलीत का? परतीची बोट आणि पदकांची पावती तेथे असते. युद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबले तरी लाखो माणसांना पुरतील इतक्या बोटी नव्हत्या, त्यामुळे कित्येकांना १९१९ उजाडून मावळेपर्यंत इंग्लंडमध्ये थांबावे लागले. परतलेल्या हजारो शिपायांना सरकारने शेतीसाठी जमिनीचे तुकडे कर्जाने दिले. तुकडे लहान, जमीन पुष्कळदा हलकी आणि डोक्यावर हप्ते, त्यामुळे बरेच जण काही वर्षांत ती सोडून गेले. तो शेतमजूर होता म्हणता, तेव्हा व्हिक्टोरिया राज्याच्या दप्तरात तेही शोधून पाहा.

पिंपळपान

पाहिली. जुलै १९१९ मध्ये बोट, सप्टेंबरमध्ये मेलबर्न, नंतर सेवामुक्ती. पदकांची पावती १९२३ ची आहे आणि तिच्यावर त्याची सही आहे, थोडी डावीकडे झुकलेली. सर्वांत शेवटचा कागद १९३४ चा. व्हिक्टोरियातील एका खेड्यातून त्याने स्वतः लिहिलेले पत्र आहे: घराला आग लागून सेवामुक्तीचा दाखला जळाला, दुसरा मिळावा, कामासाठी दाखवावा लागतो. हिंदुस्थानाचा उल्लेख संपूर्ण नस्तीत एकदाही नाही. जमिनीच्या दप्तराकडे विचारणा करणारे पत्र काल पाठवले.

मात्र पावतीवर दोन पदकांची नोंद पाहिली आणि तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. मी हे पदक उचलले त्या वेळी त्याच पोत्यावर, त्याच पत्र्याच्या डबीत, पितळेसारखी एक गोल चकती होती. तिच्यावर पंख पसरलेली एक बाई होती. मी ती एखाद्या क्रीडास्पर्धेतले बक्षीस समजून परत डबीत टाकली. उद्या रविवार आहे, बाजार भरेल. सकाळी आठ वाजता तेथे जाऊन उभा राहणार आहे.